भाऊंचा नंबर

दहा डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला समितीचा जाहीरनामा डोंबिवलीत चौकात वाचला जाई आणि मग खडवलीपासून कोलशेतपर्यंतच्या शाळांत जाई. तो छापायला देण्याआधी रंगूबाईंना ऐकवायचा, हा समिती काढणाऱ्या भाऊंनी घालून दिलेला नियम. रंगूबाई समितीच्या खोलीचा केर काढत. त्यांना जे कळणार नाही, ते वाक्य कापायचं.

भाऊ ऑक्टोबरात गेले. यंदाचा मसुदा त्यांच्या मुलीने, हेमांगीने, लिहिला होता. लिहिला म्हणजे मागच्या वर्षीचाच पुढे ओढून तारीख बदलली होती. खाली नंबरही भाऊंचाच राहिला होता. समितीचं काम बघणाऱ्या सुदेशला वाटलं, चुकून राहिला. हेमांगीने त्याला तसंच वाटू दिलं.

भाऊंचा तो फोन तिच्या पर्समध्ये असे. रोज रात्री ती तो चार्जिंगला लावी. महिनाभर सव्वाचारच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून तो वाजत होता. ती उचलत नसे. नुसती ऐकत बसे. तेवढा वेळ घरात कुणीतरी भाऊंना शोधतंय असं वाटे. बाकी दिवसभर तिला हाक मारणारंही कुणी नव्हतं. उचलला, की "भाऊ आहेत का?" विचारणार. मग सांगावं लागणार.

"विद्यार्थ्यांनो, अन्याय दिसला तर गप्प बसू नका," तिने वाचलं. "या नंबरवर फोन करा. तुमचं म्हणणं ऐकलं जाईल."

रंगूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "हे नाय कळलं."

"यात काय अवघड आहे, मावशी?" सुदेश म्हणाला.

"फोन करा म्हनता. भाऊ तर गेले. उचलनार कोन?"

"अरेच्चा, नंबर जुनाच राहिला की! हेमा, तू पण ना!" सुदेशने पेन काढलं. "नाहीतर ओळच उडवूया. नियम म्हणजे नियम. एवढे फोन घ्यायला वेळ आहे कुणाला?"

"खडवलीच्या बाई परवा म्हणत होत्या," शाळांच्या भेटी ठरवणाऱ्या शुभदाताई चष्मा पुसत म्हणाल्या, "त्यांच्या वर्गातली एक मुलगी रोज भाऊंना फोन लावते. कुणी उचलतच नाही. मी म्हटलं, बंद असेल."

हेमांगीने मान वर केली नाही. बंद नव्हता.

सुदेशचं पेन त्या ओळीवर टेकलं, तेवढ्यात पर्समधून फोन वाजला. ती रिंग त्या खोलीत सगळ्यांच्या ओळखीची होती. हेमांगी फोन घेऊन जिन्यात गेली. चौथ्या रिंगला तिने तो उचलला.

"हॅलो, भाऊ? मी समृद्धी बोलतेय, नववी ब. किती दिवस लावतेय, तुम्ही उचलतच नाही!"

"मी त्यांची मुलगी. हेमांगी."

"मग भाऊंना द्या ना."

जिन्याचा कठडा गार होता. "भाऊ नाहीत गं. गेले. ऑक्टोबरात."

एवढे दिवस लोकांनीच तिला ते सांगितलं होतं. तिने कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ.

पलीकडून हळूच आवाज आला, "पण ते म्हणालेले, काम झालं की कळव."

"कसलं काम?"

"आमच्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीने दार धरून उभं राहायचं. ते शाळेत आले तेव्हा मी उभं राहून सांगितलं. मग त्यांनी पत्र दिलं." ती थांबली. "तुम्हाला सांगितलं तर चालेल?"

"सांग."

"कडी लागली."

"बरं झालं," हेमांगी म्हणाली. फोन बंद झाल्यावरही ती थोडा वेळ जिन्यातच उभी राहिली. रोज सव्वाचारला येणारा फोन आता येणार नव्हता.

आत सुदेश पेन धरून बसला होता. तिने कागद आपल्याकडे ओढला आणि नंबरच्या आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग रंगूबाईंना ती ओळ पुन्हा वाचून दाखवली.

"आता कळलं," रंगूबाई म्हणाल्या आणि राहिलेला केर काढायला लागल्या.