आचार्यांची कमळकळी मुद्रा

दोनशे माणसं एका तालात फुसफुसत होती. डोंबिवली पूर्वेच्या त्या मंगल कार्यालयात एरवी अक्षता पडतात आणि जिलबी संपल्याची बोंब होते. त्या रविवारी सकाळी सात वाजता तिथे पिवळ्या चटयांवर निवृत्त बँकवाले, शिकवणीच्या बाई, दुकानदार, दोन वकील आणि एक दातांचा डॉक्टर मांडी घालून, डोळे मिटून, जिना धावत चढून आल्यासारखे भराभर श्वास घेत होते. मंचावरून आचार्य नयनबोधी माइकमध्ये गरजत होते.

"अजून जोरात! आत, बाहेर! आत, बाहेर! तुमच्या आजोबांच्या काळापासूनचा श्वास आत साचलाय. फेका तो! घाबरू नका!"

तिसऱ्या मिनिटाला चमत्कार सुरू झाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंचे हात मनगटात आपोआप वाकले. बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला आणि मिटलेल्या कळीसारखा आकार झाला. मग शेजारणीचे हात वाकले, मग मागच्या वकिलाचे.

"बघा, कमळकळी मुद्रा!" आचार्यांचा आवाज चढला. "तुम्ही केलीत? नाही! आपोआप झाली! अडीच हजार वर्षांपूर्वीची ऊर्जा आज तुमच्या बोटांत उतरली!"

बाई रडायला लागल्या. दातांचा डॉक्टरही रडायला लागला. आणि चौथ्या रांगेत एक साठीचा गृहस्थ आपल्या वाकड्या झालेल्या हातांकडे बघून हमसून हमसून रडत होता. तो मी.

माझं नाव महिपत. एमआयडीसीतल्या रंगाच्या एका कंपनीत एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होतो. तपासल्याशिवाय एका बाटलीवर कधी सही केली नाही. गणपती दूध पितो म्हणून लोक रांगा लावत होते तेव्हा मी त्यांना पृष्ठताण समजावत उभा होतो. निवृत्त झालो आणि रक्तदाब वाढला. वॉचमनशी भांडण, लिफ्टवाल्याशी भांडण, टीव्हीशी भांडण. डॉक्टर म्हणाले, "गोळी घ्याच, पण रोज दहा मिनिटं शांत बसायलाही शिका." तेवढ्यात नाक्यावर फलक दिसला: 'बुद्धाची सजगता. नवशिक्यांसाठी. अकरा दिवसांत अनुभव.' मला वाटलं, बुद्ध म्हणजे पारखून घ्या म्हणणारा माणूस, तिथे कसली आली आहे बुवाबाजी? एवढ्यावर मी डोकं चपलांबरोबर बाहेर ठेवून आत गेलो.

आचार्य पूर्वी घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं दाखवत फिरायचे, असं नंतर कळलं. ऐकताना तेव्हाही कळायला हवं होतं. "तुमच्या श्वासात किती गाळ आहे, तुम्हाला माहितीये?" ही त्यांची पहिल्या दिवशीची सुरुवात. मग पेशींची स्मृती, क्वांटम प्राण, मेंदूच्या सोनेरी लहरी. शंका विचारली की हसून म्हणायचे, "प्रश्न कोण विचारतो? अहंकार विचारतो." मी एकतीस वर्षं प्रश्न विचारून पगार घेतला होता. तरी मान डोलावली.

घरी आलो तेव्हा माझी बायको शीला मेथी निवडत होती. ती सरकारी रुग्णालयात अपघात विभागात सिस्टर होती, माझ्याआधी वर्षभर निवृत्त झाली. मी हात नाचवत सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली नाही.

"तोंडाभोवती मुंग्या आल्या का?"

"आल्या! तुला कसं कळलं?"

"डोकं हलकं झालं? छातीत धडधड?"

"हो! शीला, तुलासुद्धा कधी...?"

"मला नाही हो. आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन यायच्या. दहावीत नापास झालेली, सासूशी कडाक्याचं भांडण झालेली. रडून रडून श्वास भराभर चालायचा आणि हात हे असे." तिने मेथीच्या काडीसकट हुबेहूब कमळकळी करून दाखवली. "आम्ही त्यांना हळू श्वास घ्यायला लावायचो आणि चहा पाजायचो. तुम्ही त्यांना आचार्य करायचं म्हणताय."

मला राग आला. माझ्या आयुष्यातला एकमेव आध्यात्मिक अनुभव या बाईने नापास मुलींच्या रांगेत बसवला. "तुझं सगळं हॉस्पिटलच," एवढं म्हणून मी आंघोळीला गेलो.

आठव्या दिवशी मात्र माझ्या शेजारच्या चटईवर जे घडलं, ते मला आंघोळ करूनही धुता आलं नाही.

शेजारी काळुराम, त्याची बायको जया आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी दिशा बसायचे. काळुराम इथला मूळचा. ज्या शेतात त्याच्या बापाने भात लावला तिथे आता वीस मजली इमारती आहेत. माणूस साधा, हात सढळ. त्या दिवशी भराभर श्वास चालू असताना दिशा एकदम थांबली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही, पापण्या फडफडतायत, ओठ चावल्यासारखे हलतायत. पंधरा सेकंद. मग पुन्हा श्वास सुरू, जणू काही झालंच नाही.

आचार्यांनी ते पाहिलं. "समाधी!" ते ओरडले. "बालयोगिनी! लोक तीस-तीस वर्षं बसतात, हिला आठ दिवसांत लागली!" दिशाला मंचावर नेऊन बसवलं. लोक रांगेने तिच्या पाया पडले. ती पोर गोंधळून हसत होती, पण हसत होती हे खरं.

बाहेर चपला शोधताना मी जयाला म्हटलं, "नशीबवान आहात."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "भाऊ, कुणाला बोलू नका. पोरीला सात वर्षांची असल्यापासून असा व्हतंय. एकदा मोठा झटका पन आलेला. गोळ्या चालू व्हत्या. आता लगीन जमवाचा हाय, गोळ्या बघून कोण करील? आचार्य बोलले, गोळ्या लहरी अडवतात. पहिल्या दिवशीच बंद केल्या."

मी घरी येऊन शीलाला सांगितलं. या वेळी तिने हातातलं खाली ठेवलं.

"फिटच्या गोळ्या? एकदम बंद? आणि वर तिला असा श्वास घ्यायला लावतो तो?" ती उभीच राहिली. "अहो, तपासणीत डॉक्टर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने असे झटके उमटतात. पण तिथे शेजारी डॉक्टर असतो, माइक नसतो. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दिशा आधीच मंचावर होती, गळ्यात झेंडूची माळ. शीलाने काळुरामला गाठून समजावलं, पण तो कानकोंडा झाला. "बाई, एवढी मान्सं पाया पडतात तिच्या. आता उठ कसा बोलू?"

श्वास सुरू झाले. शीला मंचाच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. दोन मिनिटं झाली असतील. दिशाची नजर विझली, ओठ हलायला लागले.

"समाधी!" आचार्य म्हणाले. सभागृहात हात जोडले गेले.

शीला दोन पायऱ्या चढून तिच्या कानाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "फणस! दिशा, फणस!" दोनशे माणसांनी डोळे उघडले.

"कोण आहे ही? समाधी मोडू नका!"

"मोडत नाही. थांबते." शीलाने घड्याळ पाहिलं. दिशाच्या पापण्या स्थिर झाल्या, तिने समोर पाहिलं. "बाळ, आता तो श्वास बंद. सावकाश घे. मला सांग, मी तुझ्या कानात कुठल्या फळाचं नाव घेतलं?"

दिशा बावरली. "तुम्ही... कधी आलात?"

शीला आचार्यांकडे वळली. "शिबिराचं नाव काय तुमच्या? सजगता ना? सजगता म्हणजे आजूबाजूला काय चाललंय त्याचं भान. मागच्या रांगेतल्या आजोबांनासुद्धा फणस ऐकू गेला. तुमच्या योगिनीला कसा गेला नाही?"

मागच्या रांगेतले आजोबा उत्साहाने म्हणाले, "मला नीट ऐकू आला!"

"ती या लोकात नव्हती!" आचार्य म्हणाले.

"बरोबर. ती बेशुद्ध होती. याला फिट म्हणतात."

काळुरामने मान खाली घातली. जयाने पदर तोंडावर घेतला. बारा वर्षं लपवलेला शब्द माइकवरून गेला होता. शीलाच्याही ते लक्षात आलं. ती माइकपासून दूर झाली, दिशाला उठवून आईजवळ नेऊन बसवलं आणि मग परत आली.

सभागृह आता आमच्यावर उलटलं होतं. "बाहेर काढा यांना!" कुणीतरी ओरडलं. पहिल्या रांगेतल्या बाई उठल्या. "आणि आमच्या मुद्रा? आमचे हात आपोआप वळतात, ते काय खोटं?"

"हात खरंच वळतात," शीला म्हणाली. "ते कशाने वळतात एवढाच प्रश्न आहे. दीक्षा न घेतलेलं, ऊर्जा वगैरे न मानणारं कुणी आहे का इथे?"

"मी हाय ना," मागून आवाज आला. कार्यालयाचं स्वयंपाकघर चालवणारी शालू पदराला हात पुसत दारात उभी होती. "मी नऊ दिवस यांचा नाश्ता करतेय, पण आत एकदा आले नाही. मला कुठला वेळ?"

शीलाने तिला खुर्चीवर बसवलं. दमा, रक्तदाब, फिट, दिवस गेलेत का, सगळं विचारून घेतलं. "आता समोर बघ. काय दिसतंय?"

"पोह्यांचं पातेलं."

"त्याच्याकडेच बघत राहा. बुद्धाचं नाव नको, कुणाचंच नको. मी टाळी वाजवेन तसा श्वास घे."

टाळ्या सुरू झाल्या. धूप नाही, संगीत नाही. शालू पातेल्याकडे बघत धापा टाकत होती. आचार्य हसत होते. दुसऱ्या मिनिटाला तिने ओठ चाटले. तिसऱ्याला तिचे हात मनगटात वाकले, बोटं चिकटली, अंगठा आत गेला.

"अगं बाई! हे काय झालं माझ्या हाताला?"

"पातेलं प्रसन्न झालं," मागचे आजोबा म्हणाले.

आधी एकजण हसला, मग सगळं सभागृह. शीलाने टाळ्या थांबवल्या, शालूला नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावला. चार-पाच मिनिटांत बोटं सुटली. शालूने ती उघडून-मिटून पाहिली आणि म्हणाली, "बरं झालं. दुपारी दीडशे पोळ्या आहेत."

मग शीलाने शाळेत सांगावं तसं सांगितलं. आपण भराभर श्वास सोडतो तेव्हा शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे रक्ताची आम्लता बिघडते, रक्तातल्या कॅल्शियमचं काम तात्पुरतं अडखळतं आणि नसा उगाच उद्दीपित होतात. म्हणून मुंग्या, म्हणून चक्कर, म्हणून वळलेली बोटं. "हे बुद्धालाही झालं असतं आणि पातेलं घासणाऱ्यालाही होईल. डॉक्टर, तुम्हाला तरी हे माहीत असायला हवं होतं." दातांचा डॉक्टर चटईची शिवण तपासू लागला.

"ही नकारात्मक ऊर्जा आहे!" आचार्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "ज्यांची तयारी नाही त्यांनी जावं!"

तेव्हा मी उठलो. "आचार्य, मी चौथ्या रांगेतला. माझी कमळकळी तुम्ही सगळ्यांना दाखवली होती. मला एवढंच सांगा, या पोरीच्या गोळ्या बंद करायच्या आधी तुम्ही कुणा डॉक्टरला विचारलंत का?"

"प्रश्न कोण विचारतोय?"

"महिपत विचारतोय," मी म्हणालो. "उत्तर द्या."

आचार्य माइक ठेवून मागच्या दाराने गेले. अर्ध्या लोकांनी चटया गुंडाळल्या. उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं, "मग उरलेले दोन दिवस कधी?" हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

बाहेर पायरीवर दिशा बसली होती. माळ तिने काढून मांडीवर ठेवली होती. "मॅडम, म्हणजे मी योगिनी नाही?"

"नाही गं. तू पेशंट आहेस. मला थायरॉइड आहे, यांना बीपी आहे, तसं तुला हे आहे."

"पाया पडायचे सगळे," ती हळूच म्हणाली. "शाळेत झटका आला होता तेव्हा कुणी बाकावर शेजारी बसत नव्हतं."

शीला तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग दोन रिक्षा करून आम्ही सगळे कल्याणला दिशाच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. काळुरामला डॉक्टरांनी बरंच झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. गोळ्या त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाल्या.

ध्यान मी नंतर शिकलो. शहाडला एका छोट्या विहारात एक निवृत्त शिक्षक रविवारी शिकवतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय दिसेल?" ते म्हणाले, "काहीच नाही. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या, त्याच्याकडे लक्ष ठेवा. मन पळेल. पळालं हे कळलं की परत आणा." पहिल्या दहा मिनिटांत माझं मन वॉचमनकडे चौदा वेळा जाऊन आलं. बोटं सरळच राहिली. आता चार महिने झाले, आठ-नऊ वेळा जातं. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

मागच्या महिन्यात दिशाला पाहायला पाहुणे आले. पोहे खाऊन झाल्यावर तिने स्वतःच सांगितलं, "मला फिट येतात. गोळ्या घेते. तीन महिन्यांत एकही आली नाही." पाहुण्यांनी चहा संपवला आणि कळवतो म्हणून उठले. काळुराम त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. जया रडत होती. तो म्हणाला, "रडतेस कशाला? त्यांना पोरीचा कळला, आपल्याला त्यांचा कळला." दिशाने सप्टेंबरपासून लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला नाव घातलंय.

म्हणून सांगतो. शांत बसायला जरूर शिका, त्यात काही वाईट नाही. पण अंगात काही विलक्षण झालं तर ते कशाने झालं हे आधी विचारा, आणि ज्याला शरीर कळतं त्याला विचारा. कुणाच्याही शब्दावर औषध बंद करू नका. मी बाटल्या तपासत जगलेला माणूस, तरी मी फसलो, तेव्हा मला काय होतंय असं कुणीच समजू नये. आणि ज्याला आपण विचारलेला प्रश्न चालत नाही, त्याच्यासमोर डोळे मिटून बसू नका.