जॅकचा दांडा

मिस्त्री गेला आणि गॅरेजसमोरच्या बाकड्यावर त्याच्या आठवणींना नुसता ऊत आला. गिरणीवाला म्हणाला, "हाताला काय गुण होता हो! मेलेलं इंजिन उठून बसायचं."

शिंप्यानं मान डोलावली. "आणि सावध किती! गाडीखाली शिरताना जॅकचा दांडा काढून सोबत न्यायचा. जसं काही आम्ही पळवणार होतो!"

सगळे हसले. आत हत्यारं पुसत बसलेल्या मिस्त्रिणीला मात्र हसू आलं नाही. त्याच गुणाच्या हातानं चाकाचा पाना घालून तिचं मनगट मोडलं होतं. हाड वाकडं बसलं ते बसलंच. त्या दिवशी तिला मारून मिस्त्री ट्रकखाली शिरला, आणि ती मोडका हात पोटाशी धरून जॅकपाशी जाऊन उभी राहिली. दांड्यानं खालचा स्क्रू जरा सैल केला की ट्रक खाली. तिनं काहीच केलं नाही. पण तिचे पाय कुठं थांबलेत, ते त्यानं खालून बघितलं. तेव्हापासून दांडा त्याच्यासोबत आत जायला लागला. मारणं काही थांबलं नाही.

धाकटा दीर भावाकडून सगळं शिकला होता, हात उचलणंसुद्धा. सकाळीच येऊन त्यानं तिच्या कमरेची गॅरेजची किल्ली हिसकली. ती आडवी आली तशी अशी थोबाडीत दिली की ओठ फुटला. बाकड्यावर तो आवाज पोचला. मंडळींनी एकदा आत बघितलं आणि ती पुन्हा मिस्त्रीच्या गुणांकडे वळली.

"संध्याकाळच्या आत गाठोडं बांध आणि तुझ्या भावाकडं जा. गॅरेज माझं," म्हणत दीर अर्धवट राहिलेल्या जीपखाली शिरला.

"भावजी, हयात गेली माझी इथं. गिअरबॉक्स उतरवताना दुसरा हात कुणाचा असायचा? मी आता पोट कशावर भरू?"

"पाने पुसणारी तू! तो मोठा पाना दे इकडं. बाहेर आलो ना, दुसरा गाल फोडीन."

पाना द्यायला ती वाकली आणि थबकली. दांडा जॅकलाच होता. भावानं एवढं शिकवलं, पण दांडा सोबत का न्यायचा ते लाजेपायी कधी सांगितलं नसावं.

तिनं दांडा उपसला, टोक स्क्रूवर बसवलं आणि फिरवला. जीप दिराच्या छातीवर टेकली.

"वहिनी! जॅक सुटला!"

"सुटला नाही. मी सोडलाय."

तो पाय झाडायला लागला. तिनं त्याच्या नडगीवर टाच रोवली. बाकड्यावरची मंडळी धावत आली.

"अहो, मरेल तो!" शिंपी ओरडला.

"पुढं आलात तर आत्ताच मरेल. सकाळी माझा ओठ फुटला तेव्हा कुठं होतात?" कुणी पुढं आलं नाही. "गॅरेज कुणाचं, भावजी?"

खालून एक घाणेरडी शिवी आली. तिनं दांडा आणखी जरासा फिरवला. बरगडी कडकन मोडली.

"तुझं! तुझं गं बाई!"

"थोरल्या वहिनीला तू म्हणतात का?"

"तुमचं... तुमचं गॅरेज, वहिनी!"

"मोठ्यानं. ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो रडत ओरडला. किल्ली जमिनीवरून घसरत बाहेर आली. मगच तिनं स्क्रू आवळला आणि जीप पुन्हा वर चढवली. तिला फार बरं वाटत होतं. लोकांनी दिराला पायांना धरून ओढलं आणि दवाखान्यात नेलं.

"माझ्या गाडीचं काय?" जीपवाल्यानं दारातूनच विचारलं.

"संध्याकाळी घेऊन जा."

तिनं ओठावरचं रक्त पुसलं, पदर खोचला आणि पाना उचलला. बाकड्यावर शिंपी आणि गिरणीवाला पुन्हा येऊन बसले होते, पण आठवणी काही कुणाला सुचत नव्हत्या. जीपखाली शिरायच्या आधी तिनं दांडा काढला आणि सोबत आत नेला. ह्या वेळी कुणी हसलं नाही.