माझ्याच सत्काराचा लिलाव

येत्या शुक्रवारपर्यंत इंग्लंडच्या विद्यापीठाला डिपॉझिट भरलं नाही, तर माझी बीएस्सीची जागा जाणार होती. आज रविवार. आणि मी नारायणगुड्याच्या हॉलमध्ये, भर मे महिन्यात, कितवी तरी शाल पांघरून बसले होते. एसीचे पैसे वेगळे पडतात म्हणून एसी बंद.

आम्ही तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. तारण ठेवायला स्वतःचं घर नाही, म्हणून बँकेने कर्ज नाकारलं. तेव्हा पप्पांचे चुलतभाऊ प्रतापरावकाका, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, म्हणाले, "तातेराव, फिकर नको करू. प्रियदर्शिनी समाजाची पोरगी आहे. वर्गणी काढू." आणि काढलीही.

मी काकांच्या कानाशी लागले. "काका, वर्गणीचा चेक आज देताय ना?"

"कसला चेक?" त्यांनी हॉलवरून हात फिरवला. विमानापेक्षा माझं तोंड मोठं असलेला बॅनर, फुगे, शाली, मागे जेवणाच्या टेबलावर बगारा भात आणि दालच्याची पातेली. "हे फुकट येतं का बेटा?"

"ते फीचे पैसे होते."

"मग काय, सत्कार न करता पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

म्हणजे मला पाठवायचे पैसे मी चालले या आनंदात संपले होते.

"ही घे," काकांनी स्वतःची शाल माझ्या अंगावर चढवली. "तिकडे थंडी असते."

मग मला मनोगतासाठी माइक दिला. चूक त्यांची.

"समाजबांधवहो," मी म्हणाले, "शालींचा लिलाव आहे. माल नवा आहे, थोडा घामाने ओला आहे."

लोक हसले. मी हसले नाही. मग तेही थांबले.

"हौल्यासारखं, येड्यासारखं करू नको," काका दात आवळून म्हणाले. "माइक दे."

"बोली लावा, मग देते."

कुणी हलेना. सगळ्यांचं लक्ष मागच्या पातेल्यांकडे. तेव्हा पप्पा उठले. उभ्या जन्मात त्यांनी काकांपुढे तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी खुर्ची उचलली, जेवणाच्या टेबलासमोर आडवी लावली आणि तिच्यावर बसले.

"जेवण लिलावानंतर," पप्पा म्हणाले.

"तातेराव, पाहुणे भुकेले आहेत."

"असू दे."

रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला लोकांना ताटकळत ठेवायची सवय असते. दालच्याचा वास हॉलभर फिरत राहिला. अर्ध्या तासात पहिला हात वर झाला. मग शेजाऱ्याने दिले त्यापेक्षा कमी कसे द्यायचे, म्हणून दुसरा, तिसरा. फोनवरून पैसे मम्मीच्या खात्यात पडत गेले. जी माणसं फीला हजार देताना कुरकुरली होती, ती भातासाठी दहा-दहा हजार मोजत होती.

काकांची शाल शेवटी उरली. डिपॉझिटला आता त्या एका शालीएवढेच पैसे कमी पडत होते. सगळे काकांकडे बघू लागले. त्यांच्या बायकोसकट. काकांनी फोन काढला.

शाल मीच त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. सवयीने काका हात जोडून फोटोला उभे राहिले.

"आभाराचे दोन शब्द बोलतो," ते म्हणाले.

मी माइक पप्पांकडे दिला. पप्पांनी तो बंद केला आणि खुर्ची बाजूला घेतली.