वीतभर अंतर

त्या दोघांना त्यांच्या खऱ्या नावांनी कुणी हाक मारायचंच नाही. एक जल्लाद आणि दुसरा कैदी. ‘इतिहासाची ऐशीतैशी’ हा प्रहसनांचा कार्यक्रम टीव्हीवर लागायचा, तेव्हा रस्ते ओस पडायचे. कैद्याची बायको भाजी आणायला गेली की भाजीवाला विचारायचा, “काय वहिनी, आज तरी सुटले का साहेब?”

त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रहसन शिरच्छेदाचं. कैदी ओंडक्यावर मान ठेवतो, जल्लाद कुऱ्हाड उचलतो आणि कारकून ओरडतो, “थांबा! अर्जावर शिक्का नाही!” असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा कुऱ्हाड खरंच खाली येते, पण मानेपासून वीतभर लांब, ओंडक्यात. मग कैदी पडल्या पडल्या म्हणतो, “नेम चुकला! आता नवा अर्ज करावा लागेल का?” या वाक्याला प्रेक्षागृह डोक्यावर घेतलं जायचं.

सत्तावीस वर्षांनी तोच कार्यक्रम पुन्हा करायचं ठरलं. कारकुनाचं काम करणारा नट केव्हाच वारला होता. त्याच्या जागी नवा आला. राहिले हे दोघे. कैद्याला आनंद झाला, नाही कसं म्हणावं? पण तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याला काहीतरी खटकलं.

जल्लादाला अंगरख्याचं बटण लावता येत नव्हतं. बोटं काजावरून नुसती घसरत होती. चहा आला, तर त्याने कपाला हातही लावला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

“बरं आहे ना रे?” कैद्याने विचारलं.

“मला काय धाड भरलीये? एसी बघ किती ठेवलाय मेल्यांनी.”

तालमीत कुऱ्हाड फायबरची होती, पिसासारखी हलकी. ती ओंडक्यावर पडली की ‘टप्प’ असा आवाज यायचा, खारकेची बी पडावी तसा. तरुण दिग्दर्शिका मान हलवायची. नवे विनोद पडत होते, नवा कारकून शिक्का शोधताना उगाच नाचत होता. सगळं अळणी. शेवटी जल्लाद म्हणाला, “माझी जुनी कुऱ्हाड आहे घरी. लोखंडी. धार बोथट केलेली आहे, काळजी नको. उद्या चित्रीकरणाला घेऊन येतो. आवाज ऐका मग!”

दिग्दर्शिकेने कैद्याकडे पाहिलं. “काका, तुमची हरकत नाही ना?”

तो क्षण कैद्याला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण जल्लाद त्याच्याकडे असा बघत होता, की नकार दिला असता तर तो तिथेच कोसळला असता. कैदी म्हणाला, “छे, हरकत कसली?”

घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं. त्याने पित्ताचं कारण सांगितलं. धार नसली म्हणून काय झालं? साडेचार किलो लोखंड मानेवर पडलं तर ते धार विचारत बसतं का?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रेक्षक आत सोडले. दिवे लागले. कैद्याने ओंडक्यावर गाल टेकवला. लाकूड गार होतं. त्याला फक्त जल्लादाचे बूट दिसत होते, आणि समोरच्या रांगेतले चेहरे.

कुऱ्हाड वर गेली. कारकून ओरडला. बुटांची टोकं थरथरत होती. पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता थांबली आणि तिने शेजारणीचा हात धरला. हात थरथरतो हे लोकांना दिसलं होतं.

दुसऱ्यांदा कुऱ्हाड वर गेली तेव्हा कुणीच हसलं नाही. कारकून ओरडला, त्याचाही आवाज चिरकला. वरून जल्लादाचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. ‘उठ,’ कैद्याने स्वतःला बजावलं. ‘उठ लेका, चक्कर आल्याचं सांग.’ पण तो उठला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी तो या क्षणी प्रेक्षकांना डोळा मारायचा. आज कुऱ्हाड तिसऱ्यांदा वर गेली आणि त्याने डोळे गच्च मिटले.

“अगं बाई!” कुणीतरी किंचाळलं.

कानाशी धाडकन आवाज झाला. ओंडका हादरला, दात एकमेकांवर आपटले. गळ्याला फास बसल्यासारखं झालं. मान जागेवर होती. कुऱ्हाडीने त्याच्या सदऱ्याची कॉलर तेवढी लाकडात रुतवली होती. वीतभर कसलं, दोन बोटांचंही अंतर नव्हतं.

“नेम... नेम चुकला,” तो म्हणाला. अर्जाचं पुढचं वाक्य त्याने सोडूनच दिलं. तीनशे माणसांत एक खोकलासुद्धा नाही.

जल्लाद कुऱ्हाड उपसायला लागला, ती निघेना. तो खाली वाकला आणि कुजबुजला, “लागलं का रे तुला?” गळ्यातल्या माइकमधून ते सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू गेलं. दिग्दर्शिकेने “कट” म्हणायच्या आधीच पुढची बाई रडायला लागली होती.

रंगपटात दोघेच राहिले, तेव्हा जल्लाद म्हणाला, “तू डोळे मिटलेस.”

“तुझा हात थरथरतो.”

“वर्ष झालं. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार.” तो आरशाकडे पाठ करून बसला. “तुला कळलं होतं ना? मग ठेवलीस कशाला मान?”

“तुला नाही कसं म्हणू?”

“गाढवा, मी मारलं असतं तुला! घरी जाऊन वहिनीला काय सांगितलं असतं मी?” आणि तो थंडी भरल्यासारखा कापायला लागला, नुसते हात नाही, सगळा. कैद्याने त्याला घट्ट धरलं. कोण कुणाला सावरत होतं, ते दोघांनाही कळत नव्हतं.

महिन्याने कार्यक्रम लागला. पेपरांनी एका ओळीत निकाल लावला: जुन्याची सर नाही. शिरच्छेदाचं प्रहसन मात्र वाहिनीने ठेवलं होतं, कुजबुज कापून आणि वर हशा चिकटवून. पडद्यावर कुऱ्हाड पडली, म्हाताऱ्या कैद्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तीनशे माणसं खदाखदा हसली. कैद्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं आत्ता समजलं होतं. ती उठली आणि तिने टीव्ही बंदच केला.

“तुम्ही मला पित्त झाल्याचं सांगितलंत,” ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे जल्लाद होता.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“मला ते हसणं ऐकवेना रे. घरात एकटाच आहे.”

“दार उघडं ठेव,” कैदी म्हणाला. “आम्ही दोघं येतोय.” बायको तोवर चपला घालून दारात उभी होती.