धाकट्याने आधी बोलायचं

शिपायाने तिन्ही खिडक्या लावून वरच्या कड्याही घातल्या, तरी घोषणा आत यायच्या थांबेनात. त्यातलं ‘फाशी’ एवढंच स्पष्ट कळत होतं.

“पंखा वाढव,” थोरले साहेब म्हणाले. पंखा वाढला तसे टेबलावरचे कागद उडायला लागले. मग त्यांनीच तो कमी करायला लावला आणि शिपायाला बाहेर पाठवून दिलं.

दार लागल्यावर आत तिघंच उरली. तिघंही अपिलाच्या कोर्टातले न्यायाधीश. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल खालच्या कोर्टाने एका माणसाला फाशी सुनावली होती, आणि ती कायम करायची तर या तिघांचं एकमत लागत होतं. एक जरी नाही म्हणाला, तरी जन्मठेप. निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर वाचायचा होता.

मत सांगायची इथली रीत जुनी होती. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं. थोरल्यांनी आधी तोंड उघडलं तर धाकटे त्यांचीच री ओढतात, म्हणून कुणा शहाण्याने ती घालून दिली होती. त्या शहाण्याला धाकट्यांची पुरती ओळख नसावी. थोरले अजून बोललेले नसले तरी ते काय बोलणार हे धाकट्यांना ठाऊक असतंच, आणि आपल्या धाकट्या बाईंना तर ते पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या डाव्या हाताला नकारघंटा बसले होते. हे नाव कारकुनांनी पाडलेलं. आजवर समोर आलेल्या एकाही फाशीला त्यांनी होकार दिलेला नव्हता. घरी दुसरा चहा विचारला तरी आधी नाहीच म्हणतात, असा विनोद वकिलांत चालायचा. वय झालं होतं, पुढच्या वर्षी निवृत्ती होती. डोळे मिटून, काठीवर दोन्ही हात ठेवून ते बसले होते.

म्हणजे तो माणूस वाचणार हे ठरलेलं होतं. धाकट्या बाई गेले तीन दिवस याच आधारावर झोपू शकल्या होत्या. त्यांना स्वतःला त्याचा गुन्हा पटलेला नव्हता. साक्षीदार एकच, समोरच्या इमारतीतली एक बाई. तिने गच्चीवरून, अंधार पडता पडता, कुणाला तरी पळताना पाहिलं होतं. पुढे पोलिसांनी ओळख परेड घेतली, काही माणसं ओळीने उभी केली, आणि तिने नेमकं याच्याकडे बोट दाखवलं. त्या परेडीचा फोटो प्रकरणात होता. बाईंनी तो दिव्याखाली धरून पाहिला. बाकीची सगळी आजूबाजूच्या दुकानांतून बोलावून आणलेली माणसं होती, दाढी केलेली, केस विंचरलेली. मधोमध हा एकटा, कोठडीत राहून दाढी वाढलेला, चुरगळलेल्या शर्टातला, डोळे सुजलेला.

खालच्या कोर्टात यावर कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं. पोलिसांनी केलंय म्हणजे नीटच केलं असेल, असं सरकारी वकिलाने धरलं. वकिलाने मांडलंय म्हणजे तपासलंच असेल, असं कोर्टाने धरलं.

बाईंनी हे सांगायला हवं होतं. पण त्यांची नेमणूक अजून पक्की व्हायची होती, आणि तिच्यावर थोरल्या साहेबांचा शेरा लागणार होता. जामीन दिला म्हणून एका न्यायाधीशाच्या घरावर दगड पडले होते, त्याला महिना झाला नव्हता. घरात म्हाताऱ्या सासूबाई होत्या, आणि खून झालेल्या मुलीच्याच वयाची लेक होती. सकाळी डबा हातात देताना सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “त्या पोरीच्या आईला काय वाटत असेल गं!” बाई घाबरल्या होत्या, यात लपवण्यासारखं काही नाही. नकारघंटा नाही म्हणणारच आहेत, मग आपण हो म्हटल्याने त्या माणसाचं काय बिघडतं, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला, आणि तो बरोबर आला.

“हं, बोला मॅडम,” थोरले साहेब म्हणाले.

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“कायम करावी,” त्या म्हणाल्या.

आता वयाप्रमाणे पाळी थोरल्या साहेबांची होती. ते पदाने थोरले, वयाने मधले.

“माझंही तेच,” त्यांनी पटकन सांगून टाकलं आणि घड्याळाकडे पाहिलं. “आता तुमचं. आम्हाला ते पाठच आहे म्हणा. पण रीतीप्रमाणे होऊन जाऊ दे.”

नकारघंटांनी डोळे उघडले, पण कुणाकडे पाहिलं नाही.

“बाई, तुम्ही सगळं वाचलंत ना?”

“हो, सर.”

“मला ठाऊक आहे. रोज सगळे गेल्यावरही तुमच्या खोलीत दिवा असायचा. परेडीचा मूळ फोटो तुम्ही दोनदा मागवलात, हेही माझ्या कारकुनाने सांगितलं.” ते थांबले. “मी आयुष्यभर नाही म्हणत आलो, त्याचं कारण लोकांना वाटतं तसं दया-बिया नाही. कुणीच नीट वाचत नाही, याची मला खात्री असायची. या वेळी कुणीतरी वाचलंय.”

“म्हणजे?” थोरल्या साहेबांनी विचारलं.

“म्हणजे माझे डोळे गेलेत. वर्ष झालं. कारकून वाचून दाखवतो आणि मी मान हलवतो. हे बाहेर कळलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून बोललो नाही. पण फोटो काही वाचून दाखवता येत नाही. तेव्हा ठरवलं, बाई म्हणतील ते. त्यांना कुठे भोक दिसलं असतं तर त्या बोलल्या असत्या.” त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. “कायम.”

बाहेर कुणीतरी भोंगा हातात घेतला होता. थोरल्या साहेबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य दिसलं, मग सुटकेसारखं काही, आणि मग ते गोंधळले. त्यांनी घंटी दाबली. लघुलेखक आत आला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि त्याने पेन्सिल सरसावली.

“घ्या. आम्ही तिघेही...”  थोरल्या साहेबांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. “आम्ही तिघेही एकमताने...”

बाईंनी त्या पेन्सिलीकडे पाहिलं. तो माणूस आता मरणार होता, आणि त्याला मारणारा या खोलीत कोण असेल, तर त्या स्वतः होत्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “मला मत बदलायचंय.”

लघुलेखकाची पेन्सिल थांबली.

“तू जरा बाहेर थांब,” थोरले साहेब त्याला म्हणाले. दार लागेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. “मॅडम, हा काय पोरखेळ आहे? पाच मिनिटांपूर्वी तुम्ही...”

“खोटं बोलले. मला तो गुन्हेगार वाटत नाही. सर नाही म्हणतीलच, असं धरून मी हो म्हटलं.”

नकारघंटांचा हात काठी शोधत होता. ती जागेवरच होती, पण त्यांना सापडेना.

“माझ्या भरवशावर?” ते म्हणाले.

“हो, सर.”

“आणि मी तुमच्या.”

 बाईंना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं नाही.

“ते सगळं ठीक आहे,” थोरले साहेब म्हणाले, “पण बाहेर काय चाललंय ते ऐकताय ना? आयत्या वेळी असं कोणतं आभाळ कोसळलं?”

“परेडीचा फोटो. तुम्ही पाहिलात?”

थोरल्या साहेबांनी आपला गठ्ठा पुढे ओढला. त्यांच्या प्रतीतल्या फोटोचं पाकीट तळाशी होतं. त्यांनी ते काढलं आणि हातात धरून नुसतेच बसले. पाकिटाचा डिंक सुटलेला नव्हता.

“मलाही वाटलं होतं,” नकारघंटांकडे न बघता ते हळूच म्हणाले, “तुम्ही नाहीच म्हणणार.”

पट्टीने पाकीट फाडायला त्यांना वेळ लागला. फोटो बाहेर आला. बाई उठून त्यांच्या खुर्चीशी गेल्या.

“यात तो कोणता?” थोरल्या साहेबांनी विचारलं. “बातम्यांत नेहमी तोंडावर कापड असायचं. आणि इथे काही त्याला आणलं नाही.”

“तुम्हीच ओळखा, सर.”

ते चष्मा लावून वाकले. त्यांना क्षणभरही लागला नाही. त्यांचं बोट सरळ मधोमध गेलं आणि तिथे टेकलं.

“कुणाला दाखवलं त्यांनी?” नकारघंटांनी विचारलं.

“त्यालाच,” बाई म्हणाल्या.

थोरल्या साहेबांनी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

“मी या माणसाला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले.