रोजची एक चूक

“जखमींची संख्या सात, स्वल्पविराम, त्यांपैकी चौघांना मोठ्या रुग्णालयात आणि चौघांना जवळच्या दवाखान्यात हलवण्यात आले, पूर्णविराम,” तिनं वाचलं आणि ती थांबली.

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं.

“चार नि चार आठ. सात कसे?”

“आठ हवं होतं बहुतेक.”

“गाढव आहेत लेकाचे! आमच्या वेळी असल्या चुकीपायी माणसाला घरी बसवायचे.”

पेपरात दवाखान्यातले तिघेच छापले होते. चौथा तिनं पदरचा घातला होता.

बाबा एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तिथे एकानं मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापील कागदावर चुका धरायच्या, अशी पद्धत. त्यांची नजर गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. एका सकाळी आईनं तिच्या हातात पेपर दिला आणि बाबांशेजारची खुर्ची दाखवली. तेवढंच. त्या दिवसापासून ती बापाचे डोळे झाली. नातेवाईक चारचौघांत तिची ओळखही तशीच करून देत आणि वर माना डोलावत. पेपरातल्या चुका कमी झाल्या तेव्हा बाबा हिरमुसले, जेवणातलं त्यांचं लक्ष उडालं, असं तिला वाटलं. मग ती रोज एक चूक पेरू लागली. लग्नाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा ‘मग बाबांचं कसं व्हायचं’ हे सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली. पाणीपुरवठा खात्यात ती नकाशे काढायची. धरणावरच्या कार्यालयातली वरची जागा दोनदा चालून आली, दोन्ही वेळा तिनं नको म्हटलं. आता तिला चव्वेचाळिसावं सरत होतं. तिसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा तिनं होकार कळवून टाकला, आणि गेले चार दिवस घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तिनं पेपर मांडीवर ठेवला.

“बाबा, माझी बदली झालीय. धरणावर. मीच हो म्हटलं.”

“बरं. पुढे वाच.”

या एका वाक्यापायी चार रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रडारड होईल, अबोला होईल, छातीत दुखल्याचं निमित्त होईल, सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. ‘बरं’ची तेवढी ठेवली नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“पुढे काही नाही. आणि आठवा जखमी पेपरात नव्हताच. मी घातला. रोज घालते. तुम्ही ज्या धरता ना, त्या सगळ्या माझ्याच चुका आहेत.”

लागावं म्हणूनच ती बोलली होती, आणि बोलून तिला बरं वाटलं.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “खरी चूक वाचणाऱ्याला कळतच नाही, तो सरळ पुढे जातो. तू चूक केलीस की थांबतेस.”

“मग धरायचात कशाला?”

“तुला बरं वाटायचं.”

आई कप पुसत दारात आली होती.

“मीच सांगितलं होतं त्यांना, हिच्याकडून पेपर वाचून घ्या म्हणून,” ती म्हणाली. “परीक्षेत नापास झालीस तेव्हा महिनाभर खोलीबाहेर येत नव्हतीस तू. म्हटलं, काहीतरी काम दिलं तर पोर हिंडूफिरू लागेल. वर्षभरापुरतं म्हटलं होतं मी.”

“मग वर्षानं सांगायचंत!”

“इतकी मन लावून वाचायचीस. सांगायचं जिवावर यायचं.”

“मला तर डोळे होते तेव्हाही पेपर आवडत नव्हता,” बाबा म्हणाले. “जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या. वाटलं होतं, आंधळा झालो, आता सुटलो.”

“मी दोन स्थळं सोडली, बाबा. दोनदा बदली—”

“थांब म्हटलं होतं का आम्ही?”

बाबांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं आणि म्हणून ते विचारत होते. तिनं सत्तावीस वर्षं धुंडाळली. असं कुणीच म्हटलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. कुणावर तरी चिडायला मिळालं असतं तर तिनं तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

“शनिवारी निघालीस तर बरं,” आई म्हणाली. “रविवारी रंगारी मोकळा असतो. तुझी खोली रंगवून घेता येईल. कुठला रंग द्यावा गं?”

“फिकट पिवळा,” तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. “तिथे उजेड कमी येतो.”

“मला काय, कुठलाही चालेल,” बाबा म्हणाले.

आईला हसू फुटलं. मग बाबाही हसू लागले, खोकला येईपर्यंत. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू व्हायचं. त्या दोघांना असं हसताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं. सकाळी सात ते नऊ, इतकी वर्षं, ती मोठ्यानं वाचत होती.

“शनिवारीच जाते,” ती म्हणाली आणि उठली.

आईनं कप खिडकीत ठेवला, डोळे पुसले आणि हसत हसतच त्या रिकाम्या खुर्चीत टेकली. बाबांनी जराही न चाचपडता आईचा हात धरला.