हंगामातली रजा

बॅग काही केल्या बंद होईना, तेव्हा थंडोबा सरळ तिच्यावर बसला. तरी दोन बोटांची फट राहिलीच.

"अहो, उठा. फाटेल ती," बायको म्हणाली. "आणि निघायला अजून दीड महिना आहे."

"मग सराव नको करायला?"

आत होतं काय? कामावरून बाद झालेला रजईएवढा कोट, आतून लोकर लावलेले बूट, तीन माकडटोप्या आणि चार जोड हातमोजे. बायकोचे कपडे बिचारे पलंगावरच वाट बघत होते.

हा माणूस बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. मक्याचे दाणे, मटार असला माल तिथे उणे वीस अंशांत पडून असतो आणि हा त्यात वावरतो. चालणं-बोलणंही सावकाश, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचं थंडोबा करून टाकलं होतं. थंडी म्हटली की त्याला ती एकच ठाऊक. ज्या उत्तरेकडच्या गार देशात दोघं निघाली होती, तो त्याच्या लेखी भिंती काढून टाकलेलं कोल्ड स्टोरेजच होता. सहलीचा कागदही त्याने त्याच हिशेबाने लिहिला होता. वीस मिनिटं बागेत, दहा मिनिटं घरात उबेला. वीस मिनिटं तळ्याकाठी, दहा मिनिटं आत.

बायकोने फोन स्पीकरवर टाकून तो कागद अक्काला वाचून दाखवला. पलीकडे हसता हसता म्हातारीला ठसका लागला.

"जावईबापू, सप्टेंबरात इथे पंधरा अंश असतात हो! स्वेटर घाला नि या. तो कोट घालून उतरलात, तर लोक अस्वल म्हणून फोटो काढतील!"

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बायको चार वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिला सासरी धाडण्यापर्यंत सगळं अक्काने निभावलं, म्हणून हा तिचा जावई. दोघी बहिणींची चौदा वर्षांत गाठ नव्हती आणि आता अक्काची नजर चालली होती.

"पानं पिवळी पडायला लागतात तेव्हा या," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "अजून समोरचा चेहरा ओळखू येतो मला. हिवाळ्यानंतरचं डॉक्टर काही बोलत नाहीत."

व्हिसा हातात होता. तिकिटं शुक्रवारपर्यंत काढायची होती. सगळं जमून आलं होतं, एक सोडून. थंडोबाने रजेचा अर्जच दिला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, बायको एवढी आस लावून बसलेली आणि हा गप्प का? तर ऐका. कोल्ड स्टोरेजमध्ये एकट्याने आत जायचं नसतं. एक आत, एक दाराबाहेर. बाहेरच्याने दर वीस मिनिटांनी दार ठोकायचं, आतल्याने उलट ठोकायचं. आतून उत्तर आलं नाही तर दार उघडून ओढून काढायचं, कारण तिथली थंडी आधी माणसाची अक्कल नेते आणि मग माणूस. थंडोबाचा जोडीदार पहिल्यापासून एकच, ठोक्या. अकरा वर्षांपूर्वी थंडोबा आत एका पोत्यावर टेकला आणि त्याला फार बरं वाटायला लागलं. पुढचं त्याला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ठोक्या त्याचे तळहात चोळत होता आणि त्याला आईवरून शिव्या देत होता. देवाने आपल्याला परत पाठवलं, असं थंडोबा त्या दिवसापासून मानत आला. फक्त देवाच्या तोंडी एवढ्या शिव्या असतील, असं त्याला वाटलं नव्हतं.

आणि तिथली रीत अशी, की जोडीतला एक रजेवर गेला की दुसऱ्याने धक्क्यावर जाऊन गाड्यांतला माल उतरवायचा. सप्टेंबर म्हणजे मक्याचा हंगाम. ठोक्याचा उजवा गुडघा गेली तीन वर्षं कामातून गेलेला. साहेबांना त्याने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. थंडोबाला तेवढं माहीत होतं.

बुधवारी संध्याकाळी त्याने बायकोला सांगून टाकलं. "तू एकटी जा. मी पोचवायला येतो."

एकटीने विमानात बसायची तिला भीती होती, पण तिने विचारलं ते वेगळंच. "ठोक्याभाऊजींना विचारलंत?"

"विचारायचं काय? तो हो म्हणेल. म्हणूनच विचारत नाही."

"म्हणजे हो त्यांचं आणि नाही तुमचं! दोन्ही तुम्हीच ठरवून मोकळे." ती उठली आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

गुरुवारी सकाळी थंडोबा आत शिरून दहा मिनिटंही झाली नसतील, तोच दार दणदणलं. काही तरी विपरीत घडलं या धास्तीने तो धावत बाहेर आला. दारात ठोक्या उभा, लालबुंद.

"काय झालं? कुणाला लागलं?"

"मला लागलं! तुझी बायको काल माझ्या बायकोपाशी रडली आणि माझ्या बायकोने रात्रीचं जेवण माझ्यासमोर आदळलं. बावीस वर्षं तुझ्यासाठी दार ठोकतोय, आणि तू मला न विचारता माझ्या गुडघ्याची काळजी वाहतोस? कोण लागून गेलास रे तू?"

"धक्क्यावर तुला जमणार नाही."

"नाहीच जमणार. तेच साहेबांना सांगून आलो."

"गुडघ्याचं सांगितलंस?"

"पँट वर करून दाखवला. म्हटलं, सुजलाय, लपवला होता, आता कामावरून काढायचं तर काढा. पण याला रजा द्या." ठोक्याचा आवाज जरा खाली आला. "साहेब म्हणाले, धक्क्यावर जायचं कुणी सांगितलं? मी म्हटलं, नियम आहे. ते म्हणाले, तो आधीच्या साहेबांचा. मी येऊन सहा वर्षं झाली, मला कुणी विचारलंच नाही. हंगामभर लेबलच्या टेबलावर बस आणि आधी डॉक्टरला दाखव."

सहा वर्षं! ठोक्या असा हसला, की लेबलच्या टेबलाशी बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या.

"आपल्याइतके शहाणे शोधून सापडायचे नाहीत," तो म्हणाला. "लिही अर्ज."

थंडोबाने लिहिला. बोटं अजून आखडलेली, अक्षर कोंबड्याच्या पायासारखं. कारणाच्या जागी त्याने लिहिलं, 'बायकोच्या बहिणीला भेटणे.' मग त्याने ठोक्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

"पुरे, लग्न लागल्यासारखा धरू नकोस," ठोक्या म्हणाला. हात मात्र त्यानेही काढून घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी तिकिटं निघाली. बायकोने अक्काला तारीख सांगितली, दोघांची नावं सांगितली. पलीकडे डबे उघडल्याचा खडखडाट सुरू झाला. ती "अक्का, अगं अक्का," करत राहिली.

"आहे गं, आहे," अक्का अखेर म्हणाली. "आधी एक सांग, जावईबापू सकाळच्या चहात साखर किती घेतात?"

"दोन चमचे!" थंडोबा शेजारून ओरडला आणि डोळे पुसायला बायकोचाच पदर शोधू लागला.